पांढऱ्या घोड्यावरची वाळू

मोरीचा फुटलेला कट्टा बांधताना वाळू कमी पडली, म्हणून शेजारच्या दशरथअण्णांच्या शेडमधली छोटी पिशवी मी न विचारता उचलून आणली. सिमेंटात कालवली, कट्टा बांधला आणि आपल्या कर्तबगारीकडे बघत चहा मागितला. चहाच्या आधी अण्णा आले.

"वसंतराव, घोड्यावरची पिशवी कुटं हाय?"

मी कट्ट्याकडे बोट केलं. मी तिथं माणूस पुरलाय अशा नजरेनं अण्णा त्या कट्ट्याकडे बघत राहिले.

"अहो, वाळूच ती! उद्या गाडीभर आणून टाकतो."

"गाडीभर काय करू? साडेअठरा किलो हुती. तोलून भरल्याली."

आता हे साडेअठराचं प्रकरण सांगायचं, तर अण्णांच्या घोड्यांपासून सुरुवात करायला हवी. अण्णा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. ऐन उमेदीत काष्टीच्या बाजारात गेले होते बैल आणायला, आणि आले बारा लाकडी घोडे घेऊन. तिथं चक्रीचा खेळ करणारा एक म्हातारा धंदा मोडून गावी निघाला होता. सागवानी घोडे, मधे लोखंडी खांब, वर रंगीत छत. अण्णांनी बेअरिंग बदललं, घोड्यांना शेपट्या लावल्या आणि तेव्हापासून देवळाली प्रवरात आमच्या शेजारी बारा घोडे आहेत. दर जत्रेआधी त्यांना रंग लागतो. त्यातला निम्मा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो.

जत्रेत आता विजेवरचे आकाशपाळणे येतात. अण्णांना मोटार मंजूर नाही. चक्री ते स्वतः ढकलतात, गोल गोल चालत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, काळ बदलला." तर म्हणाले, "त्या पाळन्यात पोरगं वर गेलं की आईला दिसत न्हाई. हितं किती बी लांब गेलं तरी फिरून म्होरं येतं. म्हनून तर पोरं हात हालवत्यात."

यावर मी गप्प बसलो असतो, पण अण्णांचा तोल! "तोल बघा, तोल," हे त्यांचं पालुपद. समोरासमोरच्या घोड्यांवर सारखं वजन नसेल, तर चक्री हलायचीच नाही. त्यासाठी लिंबाच्या फांदीला काटा टांगून, अंगणवाडीत करतात तसं झोळीत घालून ते एकेका पोराचं वजन करतात. आया भांडतात. "अण्णा, नजर लागंल माझ्या लेकराला! बसवायचं तर बसवा, न्हाईतर चालले मी!" अण्णा काट्यावरची नजर काढत नाहीत. "तेवीस. ह्याच्या म्होरं कोन हाय तेवीसचं?"

तोल जमला नाही की मला हाक. "या वसंतराव, पासंगाला बसा." माझ्या पासंगाला समोर तीन-चार पोरं लागतात, हा भाग वेगळा. एका जत्रेत मी पिवळ्या घोड्यावर असताना आमच्या पाटबंधारे कचेरीतले साहेब सहकुटुंब समोर आले. मी नमस्कार करायला हात जोडेपर्यंत पलीकडे गेलो. पूर्ण नमस्कार व्हायला तीन फेऱ्या लागल्या.

आणि इतकी गर्दी असली तरी पांढऱ्या घोड्यावर कुणाला बसू द्यायचं नाही. त्यावर ती वाळूची पिशवी, सुतळीने बांधलेली. पाच-सहा वर्षांपासूनची ही नवी तऱ्हा. पूर्वी तो घोडा त्यांच्या सुमनचा. एकुलती एक लेक. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, नाशिकला गेली, आणि अण्णांनी तिचं नाव टाकलं. तिला मुलगी झाल्याचं पत्र आमच्या हिच्याकडे आलं. हिनं ते अण्णांना वाचून दाखवलं, तेव्हा ते खांबाला ग्रीस लावत होते. "बरं," एवढंच म्हणाले, आणि ग्रीस लावत राहिले.

तर जत्रा चार दिवसांवर, आणि भर उन्हात मी वाळू चाळतोय. अण्णा काटा धरून उभे.

"अठरा झाली की हो. पुरे!"

"अजून अर्धा."

"अर्ध्या किलोनं काय तुमची चक्री उलटणार आहे? आणि गेल्या वर्षी तर पिशवी सोळाचीच होती. मीच बांधली होती."

"व्हय. आवंदा साडेअठरा."

"वाळू वाढते का, अण्णा?"

"वाढाया नको?" अण्णा काट्याकडे बघत म्हणाले. "खात्यापित्या घरात हाय म्हनं. एका सालात दोन-अडीच किलो तरी वाढनारच की."

मी कपाळावर हात मारला. घरात आलो आणि भाकरी थापणाऱ्या हिला नक्कल करून सगळं सांगितलं. "म्हातारा आता पिशवीला खाऊपिऊ घालतोय!" म्हणालो आणि स्वतःच हसलो.

ती हसली नाही. तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, पिठाचे हात धुतले आणि पदर खोचला.

"सहा वर्षांची झाली सुमनची पोर," ती म्हणाली. "जा, अण्णांना सांगा, पिशवीचं तोंड इतक्यात बांधू नका. एसटीडीवरून फोन करून येते. बाकी काही बोलणार नाही मी सुमनला. पोरीला घेऊन ये, काट्यावर घालायची आहे, एवढंच सांगते."