व्याह्यांचा कफ

दत्तरावांच्या छातीत जळजळ व्हायची, एवढीच मूळ गोष्ट. जिंतूरच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते, आणि सकाळी भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की दुपारी फायलीवर वाकताना घशाशी आंबट यायचं. म्हणून एका रविवारी ते बाजारातल्या वैद्यांकडे गेले. वैद्यांनी मनगट धरलं, जीभ बघितली आणि सांगितलं, "पित्ताची प्रकृती हाय. तिखट, आंबट, तळलेलं बंद."

दुसरा कुणी असता तर पुड्या खिशात घालून घरी आला असता. दत्तरावांनी मात्र विचारलं, "आन दुसऱ्याची प्रकृती कशी वळखायची?"

त्या वेळी वैद्यांकडे दुसरा पेशंट नव्हता, हे दत्तरावांच्या घरच्यांचं दुर्दैव. वैद्यांनी सगळं उलगडून सांगितलं. किडकिडीत, कोरड्या अंगाचा, सारखा बोलणारा तो वाताचा. तापट, लवकर टक्कल पडणारा तो पित्ताचा. अंगानं भरलेला, संथ, झोपाळू तो कफाचा. ज्यानं त्यानं आपापल्या प्रकृतीचं खावं. (शेवटी वैद्य असंही म्हणाले की हे ओळखायला वर्षानुवर्षं अभ्यास लागतो. पण तोवर दत्तरावांनी चपला घातल्या होत्या.)

घरी आल्यावर त्यांनी आधी आईचा, धुरपताबाईंचा हात धरला. "आई, तुझ्यात वात हाय. वात म्हंजे वारं."

"अंगात वारं माज्या जावंच्या येतं," धुरपताबाई म्हणाल्या. "तेबी नवरात्रात. मला कशाला नाव ठेवायलास?"

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला म्हणाले, "तू कफाची हायस."

"म्हंजे कशी?" कुसुमबाईंनी विचारलं.

"अंगानं भरलेली. चालीनं संथ. झोप जास्त."

कुसुमबाई कोंबडं आरवायच्या आधी उठून चूल पेटवणारी बाई. त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि पाट ओढून बसल्या. "मग बसते. संथ माणसाला घाई सोसायची न्हाई."

त्या दिवशी मुगाची खिचडी दत्तरावांनीच लावली. ती वाताला चालत होती, पित्ताला चालत होती, कफालाही चालत होती. फक्त गिळवत नव्हती.

पुढं कुसुमबाई उठल्या, पण घरात तीन तऱ्हेचं शिजायला लागलं. लेक सुला आजीसारखी बारीक, म्हणून वाताची ठरली. तिच्या ताटात एवढं तूप पडायचं की भाकरी हातातून निसटायची. सुलाचं लग्नाचं बघणं चालू होतं, आणि कुसुमबाईंना धास्ती एकच होती. हे खूळ पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये.

आणि नेमकं तेव्हाच गंगाखेडचं स्थळ सांगून आलं. मुलगा सूर्यभान साखर कारखान्याच्या हपिसात, वडील भगवानराव उसाचे बागायतदार. ते दोघं आणि आई नर्मदाबाई एसटीनं जिंतूरला उतरले. मुलगी बघून झाली, बोलणं गोडीत झालं. एवढ्या लांबून आलेली माणसं, म्हणून जेवूनच जायचं ठरलं. कुसुमबाईंनी पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया असा घाट घातला होता. ताटं वाढून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी सुलीला पाण्याचे तांबे देऊन येते. तुमी ताटाला हात लावू नका."

दत्तरावांचा हेतू वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. भगवानरावांना ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना लागलेली धाप त्यांनी पाहिली होती. असल्या कफाच्या माणसापुढं पुरणपोळी ठेवायची म्हणजे लेकीच्या होणाऱ्या सासऱ्याचा घातच. त्यांचा जीव खरंच कळवळला. कुसुमबाई मागच्या दारी गेल्याबरोबर त्यांनी कामाला हात घातला.

पाहुणे पाटावर बसले. भगवानरावांपुढं अर्धी भाकरी, मुगाचं वरण आणि मध घातलेलं कोमट पाणी आलं. काठीसारख्या नर्मदाबाईंपुढं सगळ्यांच्या वाट्याच्या पोळ्या, वर वाटीभर तूप. सूर्यभानापुढं दूधभात.

भगवानरावांनी अर्धी भाकरी उलटून बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "दत्तराव, घरात काय अडचण हाय का?"

"अडचण न्हाई. कफ हाय."

"कुणाला?"

"तुमाला."

"आन मी काय राक्षसीण हाय का?" नर्मदाबाई पोळ्यांची चवड बघून म्हणाल्या. "आन पोराला दूधभात कशापायी? दात यायलेत का त्याला?"

"पित्त हाय त्यांना," दत्तराव मायेनं म्हणाले. "आत्तापासूनच केस जायलेत बघा. आडवा भांग पाडून झाकलेत, पण टाळू दिसायली."

सूर्यभानाचा हात डोक्यावर गेला. नेमकी तेव्हाच सुला तांबे घेऊन दारात उभी होती, आणि तिच्या मागं कुसुमबाई. कुसुमबाईंनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, हे त्यांना दिसतच होतं.

सुलानं तांबे खाली ठेवले. नर्मदाबाईंसमोरची चवड उचलून तिनं दोन पोळ्या भगवानरावांच्या ताटात वाढल्या, दोन सूर्यभानाच्या, आणि दूधभात उचलून बापाच्या हातात दिला. मग सूर्यभानाकडं न बघता म्हणाली, "केसांचं मनाला लावून घेऊ नका. आमचे दादा तर पोटच्या लेकीला वाळकी काडी म्हणतेत."

सूर्यभान हसला. मग नर्मदाबाई हसल्या. भगवानराव हसले नाहीत, कारण त्यांच्या तोंडात पोळी होती.

दुपारी दत्तराव पाहुण्यांना स्टँडवर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. भगवानराव म्हणाले, "पोरगी पसंत हाय. तारीख जवळची धरा."

"म्हंजे माझं तुमी मनावर घेतलं न्हाई," दत्तराव आनंदून म्हणाले.

"घेतलं की. म्हणून तर घाई. लेकरू तुमच्या घरात किती दिवस ठेवायचं?" भगवानरावांनी मिशा पुसल्या. "देणंघेणं कायबी नको. एकच अट हाय. लग्नाच्या दिवशी तुमी सैपाकाकडं फिरकायचं न्हाई, आन पंगतीत वाढायचंबी न्हाई."

दत्तराव घरी आले आणि सगळी हकिकत बायकोला सांगितली.

"मग तुमी काय म्हणलाव?" कुसुमबाईंनी विचारलं.

"इचार करून कळवतो म्हणलं."

कुसुमबाई चपला न घालताच निघाल्या. त्यांनी स्टँड गाठलं तेव्हा गाडी सुरू झाली होती. खिडकीचा गज धरून त्या म्हणाल्या, "आमचा होकार हाय, इवाईबुवा. तुमाला वाटत असंल तर लग्नाच्या दिवशी यांना येलदरीला पाव्हण्याकडं धाडते. कन्यादानापुरतं तेवढं बोलावून घेऊ."

भगवानरावांनी क्षणभर विचार केला.

"तेवढ्यापुरतं चालंल," ते म्हणाले.