बाबांच्या झडपेविषयी चौथी बैठक

कोणत्याही अवयवाचा निर्णय तो ज्याच्या अंगात आहे त्याच्यावर सोपवू नये, कारण त्या बाबतीत तो माणूस तटस्थ राहू शकत नाही. आमचं घर हे तत्त्व कसोशीने पाळतं.

सीओपीडी या श्वासाच्या जुनाट आजारामुळे बाबांच्या फुप्फुसाचा एक भाग फुगून बसला आहे. आत गेलेली हवा तिथे चिवट पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते आणि शेजारच्या चांगल्या भागाला पसरायला जागा उरत नाही. डॉक्टरांनी उपाय सुचवला: घशातून नळी घालून तिथे छोट्या झडपा बसवायच्या. हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. (बाबांनी चाळीस वर्षं पाण्याच्या पंपांना अशाच झडपा बसवल्या. त्यामुळे त्यांचं मत एकांगी ठरतं.)

घरात शास्त्र शिकलेली मी एकटी, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.

बैठकीचा नियम एकच: बोलताना थांबलं की पाळी गेली. नियम सगळ्यांना सारखा आहे. बाबांना एका श्वासात दोन शब्द जमतात.

“पाचात एकाला हवा गळते, मग थोडे दिवस दवाखान्यात राहावं लागतं,” दादाने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

काकांनी खोलीतली माणसं मोजली. पाच भरली. (बाबा धरले नव्हते.) आत्या उठून खिडकीपाशी जाऊन बसली.

“माझ्याकडे बघू नका. मला आधीच गुडघा आहे.”

“झडप कधी ना कधी बिघडतेच,” काका म्हणाले. “आमच्या टाकीची बिघडली.”

“ती तुम्ही स्वतः बसवली होती,” वहिनी म्हणाली.

“म्हणून तर अनुभवाने बोलतोय.”

“मला... खाली...” बाबा म्हणाले.

“अरे, बसायचंय त्यांना, खुर्ची द्या,” आत्या म्हणाली. ते खुर्चीवरच बसले होते. आणखी एक दिली. (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा चौदा महिने खाली उतरलेले नाहीत. हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.)

मग बाबांनी कागदावर काहीतरी लिहून माझ्याकडे सरकवलं. टेबल डुगडुगत असल्याने मला नीट लिहिता येत नव्हतं. मी तो कागद चौपदरी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. तेव्हापासून अक्षर चांगलं येतं आहे.

बैठक सत्तेचाळीस मिनिटं चालली. त्यात बाबांचा वाटा तीन सेकंद. बाजूने मतं दोन, विरुद्ध दोन, गुडघा एक. निर्णय रविवारच्या बैठकीत घ्यायचं एकमताने ठरलं. (डॉक्टरांनी बाबांसाठी राखून ठेवलेली जागा शनिवारी दुसऱ्याला जाते.)

वाचता वाचता आपलंही मत बनलं असेल. कागदावर काय लिहिलं होतं हे न विचारताच बनलं असेल, तर आपण घरचेच. रविवारी जरूर या. तिसरा मजला, जिन्याने. वर पोचल्यावर धाप लागून बोलता आलं नाही तरी काळजी नको. आपल्याला काय म्हणायचं आहे, ते आम्ही ठरवू.