सबनीसबाईंचे इंका

सबनीसबाई दगड चाटायच्या.

हे सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी अलंकारिक बोलते आहे. तसं नाही. मातीतून पांढरट तुकडा निघाला की बाई तो बाटलीतल्या पाण्यानं धुवायच्या, डोळे मिटून जिभेचं टोक त्याला लावायच्या आणि निकाल द्यायच्या. "दगड. फेक." किंवा, "हाड. पिशवीत घाल."

पहिल्याच दिवशी त्यांनी असा एक तुकडा माझ्या तोंडासमोर धरला.

"चाट."

"बाई, हाड असेल तर?"

"तर जिभेला चिकटेल. दगड चिकटत नाही."

"पण आमच्या घरी अंडंसुद्धा..."

"अगं, सातशे वर्षांपूर्वीची गाय आहे ती. आता कसला आलाय मांसाहार?"

मी चाटलं. चिकटलं. नागपूरला आईला मी हे आजवर सांगितलेलं नाही.

ही २०१६च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी डब्लिनला पुरातत्त्वशास्त्र शिकत होते आणि अभ्यासक्रमात आठ आठवडे प्रत्यक्ष उत्खनन सक्तीचं होतं. मला जायचं होतं पेरूला, इंकांच्या वसाहतीवर. माझ्या व्हिसाचं जमलं नाही. वाट्याला आलं किलकेनीजवळच्या एका शेतातलं पडकं चर्च. विभागातल्या बाई समजूत काढत म्हणाल्या, "तिथे तुमच्याकडच्याच एक सीनियर आहेत. इंकांवर काम केलंय त्यांनी." तेवढ्या एका वाक्यावर मी बसमध्ये बसले.

उत्खनन म्हणजे काय, हे मला पुस्तकांतून माहीत होतं. प्रत्यक्षात उत्खनन म्हणजे गुडघे. सकाळी आठ ते पाच चिखलात गुडघे टेकायचे आणि गवंड्याच्या असते तसल्या छोट्या थापीनं माती खरवडायची. ती बादलीत भरायची, बादली चाळणीवर ओतायची, चाळायची. खाली माती, वर खडे. पुन्हा बादली. मध्येच पाऊस. पाऊस थांबला की चरातलं पाणी उपसायचं आणि कालचीच माती पुन्हा खरवडायची. आमचा साइटप्रमुख डेक्लन या सगळ्याला "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणायचा. चर भरून वाहायला लागला तरी ग्रँड. तिसऱ्या आठवड्यापासून मला झोपेतही खडे दिसायला लागले.

बाई चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. मूळच्या सांगलीच्या. यजमान डॉक्टर, त्यांच्याबरोबर लग्न होऊन इथे आल्या. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. आयरिश लोकांना 'नलिनी' जमत नसे, म्हणून त्या सगळ्यांच्या 'नेल'. डोक्यावर डॉक्टरांची गोल्फची टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि खिशात फॉइलमध्ये बांधलेलं थालीपीठ. डेक्लन ते थालीपीठ ब्राऊन सॉस लावून खायचा. बाई त्या वेळी तोंड दुसरीकडे वळवायच्या.

आणि तोंडात अखंड इंका. त्यांचा उल्लेख त्या 'आमच्या इंकांनी' असा करायच्या, जशा काही सासरच्या माणसांबद्दल बोलताहेत. चर्चची भिंत पाहून, "आमच्या इंकांच्या भिंतीत सुरीचं पातं जात नाही. इथे मांजर जाईल." व्हॅनमध्ये मी खोकी रचली की, "फटी किती! आमच्या इंकांनी उभं नसतं केलं तुला." मी उशिरा आले तर इंका, चहा पांचट झाला तर इंका. एकदा मी वैतागून विचारलं, "बाई, इंका छत्री वापरायचे का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना तुझ्यासारखी दर दहा मिनिटांनी आकाशाकडे बघायची सवय नव्हती."

तिथल्या त्यांच्या कामाबद्दल मात्र विचारलं, की त्यांना नेमकं चाळणीकडे काहीतरी काम निघायचं.

सातव्या आठवड्यात मी संपले. सहा आठवड्यांची माझी कमाई म्हणजे खापरांचे तुकडे, गाईची हाडं आणि एक गंजका खिळा. बुधवारी मी विभागाला ईमेल लिहिला की मला हे जमत नाही, विषय बदलून द्या. ड्राफ्टमध्ये ठेवला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पाठवू, म्हटलं.

गुरुवारी सुट्टीआधी चर्चच्या बाहेरच्या भिंतीलगत मला लहान दगडांची एक लांबट चौकट लागली. दीड हात लांब. आतली माती मऊ होती. थोडी काढल्यावर काडीसारखं काही दिसलं. मी बाईंना हाक मारली. त्या आल्या, टोपी काढून वाकल्या. हात लावला नाही.

डेक्लन आला. नेहमीचा शब्द त्यानं उच्चारला नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं पूर्वी पवित्र जमिनीत पुरू देत नसत, त्यानं सांगितलं. मग आईबाप अशा पडक्या चर्चच्या कडेला गुपचूप आणून ठेवत. हाडांच्या तज्ज्ञ बाई डब्लिनला होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, उद्या वादळी पाऊस आहे, आजच काढायला हवं.

"नेल, तू काढ," डेक्लन म्हणाला. "सगळ्यात अनुभवी तूच आहेस."

बाई गुडघ्यांवर बसल्या. थापी हातात घेतली. ती मातीच्या वर वीतभर तशीच राहिली. खूप वेळ.

"डेक्लन," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला जरा चहा आणून देतोस?" तो गेला.

"इंकांच्या साइटवर मी किती वर्षं होते असं वाटतं तुला?"

"दहा तरी."

"सहा आठवडे. एकदाच." त्या खालीच बघत होत्या. "शेहेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा. तुझ्यासारखीच, नवशिकी. उंचीमुळे डोकं इतकं दुखायचं की रात्री बसून काढायचे. तरी बादल्या वाहिल्या. चौथ्या आठवड्यात माझ्या चरात असंच एक लहानसं निघालं. तीन कापडांत गुंडाळलेलं, एकावर एक. तिथे थंडी फार. याला गारठा लागेल, एवढा विचार केला होता कुणीतरी. प्रमुख म्हणाले, तुला सापडलंय, तूच काढ. मी थापी त्यांच्या हातात दिली आणि तंबूत जाऊन पडले. मग शेवटपर्यंत चाळणीवरच होते."



"इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला मुलगा झाला. रडला नाही तो. नर्स म्हणाली, बघू नका, विसरायला सोपं जाईल. तेव्हा तशीच पद्धत होती. हेही म्हणाले, नको बघूस. नाही बघितला. कुठे ठेवला, तेही विचारलं नाही कधी. यांना माहीत असणार. आता तेही नाहीत."

त्यांनी थापी माझ्यापुढे केली.

"मला आजही जमणार नाही गं. तू काढ. पण या वेळी मी बघणार आहे."

मी काढलं. तीन तास लागले. थापीची जागा लाकडी काडीनं आणि मऊ ब्रशनं घेतली. पाऊस सुरू झाला तेव्हा बाईंनी छत्री उघडली. ती माझ्या डोक्यावर नव्हती, त्यांच्या स्वतःच्याही नव्हती. त्या चौकटीवर धरली होती. मधूनमधून हळू आवाजात सांगायच्या, "डावीकडून. तिथे बोटं असतील." बोटं होती. तांदळाच्या दाण्याएवढी. प्रत्येक हाड पातळ कागदात जायचं, आणि त्या ते कागदात जाईपर्यंत बघायच्या. ईमेल पाठवायचा राहिला तो राहिलाच.

सगळं मिळून बुटाच्या खोक्याएवढ्या पेटीत मावलं. झाकणावर मी नंबर लिहिला. डेक्लननं गाडीची डिकी उघडली.

"डिकीत नको," बाई म्हणाल्या.

त्या मागच्या सीटवर बसल्या, पेटी मांडीवर घेतली, आणि पट्टा लावताना तो पेटीवरून जाईल असा ओढला. मी पुढे बसले. माझे हात कोपरापर्यंत मातीचे होते आणि डोळे मिटत होते. किलकेनीचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. पाच मिनिटांनी, हीटर वाढवू का, विचारायला मी मागे वळले.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ओले केस कपाळाला चिकटले होते. उजवा हात पेटीच्या झाकणावर होता, आणि त्या थोपटत होत्या. सावकाश, एका लयीत. त्यांना ते कळतही नव्हतं.

मी काही न विचारता हीटर वाढवला. डेक्लननं रेडिओ लावायला हात पुढे केला. मी तो हात धरून परत स्टिअरिंगवर ठेवला.