पुढे चालू, पान चार

पुलाच्या शताब्दीच्या पाटीवर पणजोबांचे नाव लागले, तर हेडमास्तरांचा फायदा तिहेरी होता. समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळणार होती. निवृत्तीनंतर नमस्कार करायचे विसरलेले लोक पुन्हा थांबणार होते. आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे, पाटी समितीचे चिटणीस असलेले मुलीचे सासरे ती पाटी स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवणार होते.

"पुलाची कल्पना पणजोबांचीच," हेडमास्तर बैठकीत म्हणाले होते.

"असेलही, व्याहीबुवा," चिटणीस म्हणाले. "पण दगडावर कोरायचंय. कागद आणा."

म्हणून हेडमास्तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. तिथे शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे पानापानाने स्कॅन करून संगणकावर चढवली होती. ग्रंथपालबाईंनी त्यांना खाते उघडून दिले, नाव घालून शोधायला शिकवले आणि सापडेल ते ठेवायला एक फोल्डर करून दिला.

"हा फोल्डर चिटणिसांनाही दिसू दे," हेडमास्तर म्हणाले. "आपल्याकडे लपवाछपवी नाही."

"सर, मग तुम्ही काहीही ठेवलंत की त्यांच्या फोनवर लगेच जाईल हं."

"जाऊ दे की!"

पंधराव्या मिनिटाला घबाड सापडले. पहिल्या पानाच्या तळाशी पणजोबांचे नाव आणि खाली त्यांचे पत्र: 'या गावाला पूल हवाच, आणि तो याच वर्षी हवा. पुलावाचून आपली प्रगती खुंटली आहे'. हेडमास्तरांनी ते पान फोल्डरमध्ये टाकले आणि शीळ घालत घर गाठले. संध्याकाळी चिटणिसांचा फोन आला. अभिनंदन! पाथरवटाला मजकूर सांगितला होता, खुर्ची राखून ठेवली होती.

"तुमच्या घराण्यात कुणी काही उभं केलं असेल, असं मला वाटलं नव्हतं," बायको म्हणाली. "आपलं फडताळ पंधरा वर्षं एका खिळ्यावर लटकतंय."

"फडताळाचं काय घेऊन बसलीस! इथे नदीवर पूल बांधलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. "सर, पत्र पुरं वाचलंत ना? खाली बारीक अक्षरात 'पुढे चालू, पान चार' आहे."

हेडमास्तर धावत पोचले. बाईंनी चौथे पान उघडले. '...अशी बोंब ठोकणाऱ्या शहाण्यांना माझा एकच सवाल. नदी काय आज वाहू लागली?'

हेडमास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. 'प्रश्नपत्रिका उलटून बघा रे, मागेही प्रश्न असतात,' हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षे प्रत्येक परीक्षेला मुलांना ऐकवले होते.

"बाई, कालचं पान काढून टाका!"

"काढलं तर काढल्याचाही निरोप जाईल त्यांना."

मग उपाय एकच होता. पणजोबांनी उभ्या आयुष्यात कधीतरी पुलाबद्दल बरे लिहिले असेलच! बाई चहाला गेल्या. हेडमास्तरांनी पणजोबांचे नाव पुन्हा शोधले, आलेल्या यादीवर सगळीकडे खुणा केल्या आणि सगळी पत्रे एकदम उघडतील या आशेने खालचे मोठे बटण दाबले. पत्रे उघडली नाहीत. ती फोल्डरमध्ये गेली. एकूण एक्केचाळीस.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"व्याहीबुवा," चिटणिसांच्या आवाजाला गुदगुल्या होत होत्या, "सतरावं वाचतोय. 'पूल झाल्यास पलीकडच्या गावचे लोक रोज इकडे येतील, ही भीती कोणास कशी वाटत नाही?' वा! आणि शेवटच्या पत्राखालची सही पाहिलीत? 'आपला नम्र, होडीचा मालक'!"

"पाथरवटाला..."

"थांबवलाय. उद्या संध्याकाळी बैठक आहे. खुर्चीचं तेव्हा बघू."

हेडमास्तर डोके धरून बसले. चहाहून आलेल्या बाईंना त्यांची दया आली.

"सर, तुम्ही एकाच माणसाचं ऐकताय. ज्यांना तो सारखा छळत होता, त्यांचं काय म्हणणं होतं? नगरपालिकेची इतिवृत्तंही चढवलीत आम्ही."

या खेपेस हेडमास्तरांनी घाई केली नाही. तीन वर्षांची इतिवृत्ते त्यांनी ओळ न ओळ वाचली. हवा तो ठराव सापडल्यावर त्याच्या आधीची दोन पाने आणि नंतरची दोन पाने पाहिली, तळाची बारीक अक्षरेही तपासली, आणि मगच तो फोल्डरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत चिटणिसांनी तो चष्मा पुसून मोठ्याने वाचला. 'सदरहू गृहस्थांचे पत्र दर आठवड्यास छापून येते. त्याचा खुलासा लिहिण्यात कारकुनाचा अख्खा दिवस जातो. सबब सात वर्षे बासनात पडलेला पुलाचा प्रस्ताव बाहेर काढून एकदाचा मंजूर करावा, म्हणजे हा त्रास मिटेल. एकमताने मंजूर.'

 मग चिटणीस इतके हसले की चष्मा पुन्हा पुसावा लागला.

"जिंकलात, व्याहीबुवा! कल्पना त्यांची नसेल, पण पूल त्यांच्यामुळेच झाला."

पाटीवर अक्षरे कोरली गेली: 'यांच्या अखंड विरोधामुळे हा पूल उभा राहिला.' चिटणिसांनी ती समारंभात खणखणीत आवाजात वाचली, आणि पहिल्या रांगेतल्या हेडमास्तरांनी मान तुकवली. शेजारी बसलेल्या बायकोने तेवढ्यात साधून घेतले, "उद्यापासून मीपण फडताळाला विरोध करणारे. दर आठवड्याला, लेखी."

तिला तीनच पत्रे लिहावी लागली.

एकूण बेरीज मांडायची तर गावाला पूल मिळाला, कारकुनाला त्याचा दिवस परत मिळाला, हेडमास्तरांना खुर्ची, चिटणिसांना जन्मभर पुरेल असा विनोद आणि फडताळाला दुसरा खिळा. किंमत पडली ती एकट्या पणजोबांना. आणि ती त्यांनी होडी आणि एक्केचाळीस टपाल तिकिटे धरून शंभर वर्षांपूर्वीच चुकती केली होती.