लष्करी अळीचा ठराव

लॉनच्या कोपऱ्यात सतरंजीएवढा तुकडा बोडका झालेला दिसला आणि प्रफुल्ल कारखानीसांचा सकाळचा चहा बाल्कनीतच गार झाला. लॉन तसं बाळकुमच्या अख्ख्या सोसायटीचं. पण तिथे पार्किंग न करता गवत लावायचं, हा ठराव सेक्रेटरी या नात्याने त्यांनी दोन मतांनी जिंकला होता. गवत गेलं की ठराव जाणार आणि ठराव गेला की सेक्रेटरीही जाणार, हे पार्किंगवाल्या रचनाताईंनी त्यांना लिफ्टमध्ये दोनदा हसतहसत ऐकवलं होतं.

खाली जाऊन पाहिलं तर पाठीवर पट्टे असलेल्या बारीक अळ्या एका दिशेने, शिस्तीत पुढे सरकत होत्या. इतकी शिस्त सोसायटीत प्रथमच दिसत होती.

"लष्करी अली हाय ती," तळमजल्यावरचे भिवाकाका म्हणाले. टॉवर उभे राहण्याआधी इथे त्यांचं भात होतं. "आमचे भातान पन यायची. रातभर पानी भरून ठेवा. अली वर येल, सकाली बगले खातीन. फुकट."

"काका, फुकट कामाचं कोटेशन कोणाकडून मागवू?"

कुठल्याही कामाला तीन कोटेशनं, हा नियम खुद्द कारखानीसांचा. पहिलं चार दिवसांत आलं. दुसरं आठवड्याने आलं, तोवर अळ्या बोटभर झाल्या होत्या आणि निम्मं लॉन त्यांच्या पोटात गेलं होतं. तिसरं माजिवड्याहून, म्हणजे हाकेच्या अंतरावरून यायचं होतं, म्हणून त्याला सर्वांत उशीर झाला. शेवटी अठराव्या दिवशी मयूर नावाचा फवारणीवाला पाठीवर पंप बांधून आला.

"सर, रिझल्ट बघा! एक पण जिवंत नाय," तो काम संपवून म्हणाला.

कारखानीसांनी वाकून पाहिलं. खरंच जिवंत एक नव्हती. मेलेलीही एक नव्हती. पण ग्रुपवर अभिनंदनाचे छत्तीस संदेश आले, आणि अभिनंदनाची उलटतपासणी करायची नसते.

भिवाकाकांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. आत तपकिरी, चकचकीत कोष होता. "मेल्या नाय, सेकेटरी. मातीन निजल्यान. पंधरवड्यान पाखरा होऊन भायेर येतीन. मंग एकेक पाखरू शेकड्यान अंडी घालील."

कारखानीसांनी बोटांवर दिवस मोजले. पार्किंगचा ठराव पुन्हा सभेत येणार होता. "मग सभा परवाच उरकून टाकू!"

"चौदा दिवसांची नोटीस लागते ना हो?" मागून रचनाताई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत."

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सभा भरली. लॉनवरच खुर्च्या, वर दोन हॅलोजन. बावन्न सभासदांपैकी झाडून सगळे हजर. रचनाताईंनी बोडक्या झालेल्या लॉनकडे नुसतं बोट दाखवलं, भाषणाची गरजच पडली नाही. पार्किंगच्या बाजूने एकतीस हात वर झाले.

कारखानीसांनी आकडा लिहिला. हरलो, हे त्यांना दिसतच होतं. पण कायद्याने दुसरी बाजू विचारायला हवी, म्हणून त्यांनी पडल्या आवाजात विचारलं, "लॉनच्या बाजूने?"

नेमक्या त्याच वेळी मातीतून राखी, मळकट पाखरं उठली. आधी दहा-बारा, मग मोजदाद नाही. हॅलोजनवर, टकलांवर, रचनाताईंच्या ओढणीत. सगळी सभा दोन्ही हातांनी हवा झोडपू लागली.

कारखानीस उभे राहिले आणि शांतपणे मोजू लागले.

"अहो, मोजताय काय? पाखरं हाकलतोय आम्ही!" रचनाताई किंचाळल्या.

"हात वर आहे ना, ताई? हेतू लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही." त्यांनी पेन टेकवलं. "पार्किंगला एकतीस. लॉनला एकोणऐंशी."

"सभासद बावन्नच आहेत!"

"उत्साह आहे लोकांत," कारखानीस म्हणाले आणि सभा बरखास्त केली. हरकत घ्यायला खुर्चीवर कोणी उरलंच नव्हतं.

दिवे मालवल्यावर भिवाकाका जवळ आले. "सेकेटरी, आता ही गवतान अंडी घालतीन. पुन्ना सगला खातीन."

रजिस्टरवर एक पाखरू बसलं होतं. कारखानीसांनी ते दोन बोटांत अलगद धरलं आणि गवतावर सोडलं.

"घालू द्या, काका," ते म्हणाले. "निवडून आणलंय त्यांनी."