पाय टेकेनात

“येत्या रविवारी बायको माझ्या मागे बसून तळ्यापर्यंत येणार! नाही आली तर मिशी काढीन!”

घड्याळजींनी हे जाहीर केलं, तेव्हा दुकानातल्या बावीस घड्याळांत बावीस निरनिराळ्या वेळा झाल्या होत्या. माणूस मुळातच स्वप्नाळू. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग न्याहाळता न्याहाळता त्यांना तळं दिसायचं, पाण्यावरचं धुकं दिसायचं, आणि मागच्या सीटवरून खांद्यावर अलगद डोकं टेकणारी बायको दिसायची.

प्रत्यक्षात बायको अकरा वर्षं त्या मोटारसायकलवर बसली नव्हती. गाडी घड्याळजींच्याच वयाची. इंजिन अजून गुणगुणायचं, पण मागचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के गिळणारे ते दोन स्प्रिंगवाले दांडे, केव्हाच निवर्तले होते. “खड्डा रस्त्याचा आणि कंबर माझी!” असं म्हणून बायको उतरली ती उतरलीच. दर महिन्याला जुन्या गाडीवाल्यांची फेरी तळ्याला जायची. बाकीचे जोडीने, घड्याळजी एकटेच.

“नवे, लांब पल्ल्याचे शॉकअप बनवून घेऊ!” शिंपी, मास्तर आणि दंतवैद्य हे तिन्ही मित्र म्हणाले. तिघांकडे जुन्या गाड्या, तिघांकडे ज्ञान. ज्ञान जरा जास्तच.

जुन्या शॉकअपचं माप शिंप्याने घेतलं. टेप गळ्यातच होता. भरलं साडेबारा इंच, कागदावर लिहिलं साडेतेरा. कापड आटतं, माणूस सुटतो, म्हणून शिवणीत थोडी माया सोडायची, ही चाळीस वर्षांची सवय. ती काय सांगायची गोष्ट असते?

कागद गणिताच्या निवृत्त मास्तरांकडे गेला.

“दोघांच्या वजनाने स्प्रिंग दबणार. वहिनींचं वजन किती?”

“तूच विचारून बघ!” घड्याळजी म्हणाले.

मास्तरांनी विचारलं नाही. गुपचूप एक इंच वाढवला.

मग दंतवैद्याने कारखान्याला फोन लावला. त्याचा हिशोब सरळ! दात नेहमी थोडा मोठा घ्यावा, घासून बसवता येतो. लहान निघाला तर काय ओढून लांब करणार? त्याने सांगितलं, साडेपंधरा.

शनिवारी संध्याकाळी शॉकअप चढले. गाडी अशी दिसू लागली, जणू जमिनीवर पडलेली सुई शोधतेय! स्टँड हवेत लोंबकळायला लागला, म्हणून तिला भिंतीला टेकवून ठेवलं. सहा फुटी दंतवैद्य चक्कर मारून आला, तो डोळे मिटूनच.

“लोणी रे, लोणी! खड्ड्यातून गेलो की ढगातून, कळलंच नाही!”

घड्याळजी स्टुलावरून चढले. दोन्ही पाय अधांतरी.

“अरे, पाय टेकत नाहीत!”

“गाडी चालवायला घेतलीस की पाय टेकायला?” शिंपी म्हणाला.

“काढा ते. जुने बसवा.”

“बसवतो. आणि वहिनी उद्या यायला तयार झाल्यात, त्यांना काय सांगू? अकरा वर्षांनी या?”

हे मात्र जिव्हारी लागलं. शेवटी ठरलं की घराच्या ओट्याला लावून निघायचं, वाटेत अजिबात थांबायचं नाही, आणि तळ्याशी तिघांनी झेलायचं. वहिनींना यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

रविवारी सकाळी बायको ओट्यावरून अलगद सीटवर बसली. पहिला खड्डा आला. मागे शांतता. दुसरा आला, तिसरा आला.

“अहो, आत्ता खड्डा होता ना?”

“होता.”

“मग गेला कुठे?”

घड्याळजी नुसते हसले. रस्ता पाण्यासारखा झाला होता, गाडी होडीसारखी. झाडांच्या सावल्या अंगावरून सावकाश सरकत होत्या. एवढ्यात समोर लाल दिवा! थांबणं म्हणजे आडवं होणं. घड्याळजी डावीकडे वळले. मग पुन्हा डावीकडे. मग पुन्हा.

“अहो, ही पाण्याची टाकी तिसऱ्यांदा आली.”

“तुला आवडली असेल, म्हटलं.”

“इश्श! अगबाई, फुलं बघा किती छान! थांबा ना जरा.”

“आज थांबायचं नाही,” घड्याळजी घामेघूम होत म्हणाले, “आज वाऱ्याबरोबर नुसतं जायचं!”

असलं वाक्य त्या माणसाच्या तोंडून उभ्या संसारात निघालं नव्हतं. बायकोने हळूच खांद्यावर डोकं टेकलं. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं सुखाचं, अर्धं पुढचा सिग्नल दिसल्याचं.

तळ्यावर धुकं होतं. धुक्यात तिघे मित्र पळालेली कोंबडी धरायला उभे राहावेत तसे हात पसरून उभे!

“बघा तरी, केवढं स्वागत!” बायकोने हात हलवला.

दंतवैद्याने हँडल धरलं, शिंप्याने घड्याळजींची कंबर धरली. मास्तरांनी अंतराचा अंदाज बांधून हवा धरली. बायको उतरली, वळली, आणि मित्राच्या कवेत वाळत घातलेल्या शर्टासारखा लोंबणारा नवरा तिने पाहिला.

“हे काय?”

सत्य एकेका इंचाने बाहेर आलं. “मी एकच वाढवला!” “मीपण एकच!” “म्हणजे तूसुद्धा?”

“ते राहू दे. आता घरी कसं जायचं?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी कागद काढला. त्यांची आकडेमोड चालू असतानाच बायकोने पदर खोचला आणि पुढच्या सीटवर टांग टाकली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट! लग्नाच्या फोटोत नवरदेव खोक्यावर उभे होते, हे आजवर फक्त त्या दोघांना आणि फोटोग्राफरला माहीत होतं.

“अगं, तुला गिअर...”

“लग्नाआधी वडिलांच्या गाडीवर शिकलेय. तुम्ही कधी विचारलंत? बसा मागे.”

पुढच्या आठवड्यात मित्र नटबोल्टचे पाने घेऊन आले. तीन इंच कमी करून देतो म्हणाले. “हात तर लावून बघा!” बायको म्हणाली.

हल्ली फेरीला घड्याळजीही जोडीने असतात. परवा तळ्यावर एक नवा हौशी गाडीभोवती तीनदा फिरला. “वा! काय ठेवलीय! कुणाची हो?”

घड्याळजींनी छाती फुगवून तोंड उघडलं, तोवर पुढून उत्तर गेलंसुद्धा.

“माझी. पुसायचं काम यांच्याकडे असतं.”