अठरा पायऱ्यांचा जिना

"रिकामे बसू नका, काहीतरी करत राहा," असं निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. मोठे साहेब हे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकालाच सांगत. बाकीच्यांनी ते ऐकलं, गळ्यातला हार काढला आणि घरी जाऊन सुखाने झोपले. पुढे कोणी फिरायला जाऊ लागलं, कोणी कुंड्यांना पाणी घालू लागलं. जगाला काही तोशीस नाही. या गोष्टीतल्या साहेबांनी मात्र ते वाक्य मंत्रासारखं जपलं. आपल्या जन्मघरी परत आल्यावर ट्रंका उघडायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, की आता उरलेलं आयुष्य वास्तुकलेला वाहिलेलं आहे.

पस्तीस वर्षं साहेबांनी पाणीपुरवठा खात्यात अर्जांवर शेरे मारले. पण जीव अडकला होता कमानींत आणि घुमटांत. जिथे बदली होई तिथल्या जुन्या इमारतींसमोर ते मान मागे टाकून उभे राहत आणि एक डोळा मिटून "प्रमाण" असं पुटपुटत. शेजारी वहिनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या. वहिनी म्हणजे साहेबांची बायको; वहिनी हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. प्रमाण काय ते त्यांना कधी कळलं नाही, पिशव्यांचं वजन मात्र कळे.

"सहा महिन्यांत लोक हे घर बघायला येतील," साहेबांनी आल्या आठवड्यातच सांगितलं.

घर म्हणजे काय, खाली तीन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत साहेबांची आई राहायची. वय चौऱ्याऐंशी, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण, गुडघे मात्र गेलेले. पण खाली राहायला यायचं नाव नाही, कारण वरच्या खिडकीतून समोरच्या शिवणवालीचं दार दिसतं. या दोघींची पन्नास वर्षांची मैत्री. सासूबाई रोज सकाळी आठला कठडा धरून एकेक पायरी उतरत, रस्ता ओलांडत, आणि शिवणवालीच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून साऱ्या गल्लीचं माप काढत.

साहेबांच्या नजरेत सगळ्यात आधी भरला तो जिनाच. साधा लाकडी जिना, करकरणारा, पण पन्नास वर्षं कोणालाही न पाडलेला. साहेबांच्या मते त्याला व्यक्तिमत्त्व नव्हतं. त्यांनी कागदावर नवा काढला. अठरा पायऱ्या, सहा-सहाचे तीन टप्पे. सहाव्या पायरीवर श्वास, बाराव्या पायरीवर नजर, अठराव्या पायरीवर मुक्ती. हे त्यांनी सुताराला समजावून सांगितलं तेव्हा सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि विचारलं, की ते ठीक आहे, पण उंची किती धरायची? टेप लावू का?

टेपची गरज नव्हती. साहेबांकडे वही होती. चौदाव्या वर्षी त्यांनी या घराचं इंच न् इंच मोजून ठेवलं होतं, तेही शिल्पकार मोजत तसं, आपल्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत बरोब्बर आठ हात. साहेबांनी टेबलावर कोपर टेकवून आपला हात मोजला. अठरा इंच. आठ गुणिले अठरा, बारा फूट. सुतार म्हणाला, बाराची वाटत नाही हो साहेब उंची. साहेब म्हणाले, वाटण्यावर इमारती उभ्या राहत नाहीत. आणि त्यांनी सुताराकडून शब्द घेतला, की आराखड्यात केसाचा फरक करायचा नाही, आणि एकदा जिना तयार झाला की त्यांच्या परवानगीवाचून त्याला करवत लावायची नाही. सुतार शब्दाचा पक्का. त्याने दिला.

आता वहिनींचं एक व्रत सांगायला हवं. गेली अकरा वर्षं त्या रोज सकाळी आठ ते नऊ देवाजवळ बसत आणि त्या तासात तोंडातून शब्द काढत नसत. ताप असो, पाहुणे असोत, एकदा तर घरात साप निघालेला असो, मौन मोडलं नव्हतं. साहेबांना या व्रताबद्दल फार आदर. कारण कोणत्याही गोष्टीला घरातून संमती हवी असली, की ते ती नेमकी सव्वाआठला विचारत.

त्या गुरुवारीही तसंच झालं. सुतार हातगाडीवर नवा जिना घेऊन दारात हजर. साहेब देवघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "जुना काढायला घेतो. तुझी हरकत नाही ना?" आणि उत्तराची वाट बघितल्यासारखं करून गेले.

वहिनींची हरकत होती. सासूबाई अजून वर होत्या. शिवणवाली त्याच दिवशी संध्याकाळी पाचला गाव सोडून लेकीकडे जाणार होती, कायमची. तिला द्यायच्या पिशवीची शेवटची शिवण घालत सासूबाई त्या दिवशी वरच बसल्या होत्या. पाचला गाडीशी उभी राहून तुला निरोप देईन, असं त्यांनी मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं. वहिनी धावत बाहेर आल्या, वर बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी मान लववून टाळ्यांचा स्वीकार केला.

सुताराच्या हिशेबाने जिना वरून सोडवायचा असतो. वर गेलं की वर कोण आहे तेही दिसतं. साहेब म्हणाले, प्रत्येक रचनेचा विचार पायापासून करावा. झालं. सुताराने खालून सुरुवात केली. वहिनी देवासमोर बसल्या. एरवी त्या देवाकडे काही मागत नसत. आज एवढंच मागितलं, की घड्याळ जरा लवकर चालू दे. देवाने घड्याळात हात घातला नाही. नऊचा ठोका पडला तेव्हा भिंतीला फक्त चार पायऱ्या लटकत होत्या.

"सासूबाई वर आहेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच असा, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. साहेब वाकले नाहीत. पण ठोकाठोकीला दाद न देता शिवत बसलेलं एक पांढरं डोकं आपलं नाव ऐकून वरच्या मोकळ्या चौकटीतून खाली डोकावलं.

"बाळ्या," सासूबाई म्हणाल्या, "माझा जिना कुठाय?"

साहेबांनी आईला समजावलं, की दुपारी दोनपर्यंत नवा उभा राहतो, आणि असा राहतो की उतरताना पाय नाही, मन उतरेल. सासूबाई म्हणाल्या, की त्यांना पायच उतरवायचेत, मन शिवणवालीकडे कधीच पोचलंय. सुताराजवळ पाच फुटी शिडी होती, पण पाच फुटांनी काय होणार, आणि लांब शिडी कोणी आणली तरी त्या गुडघ्यांना कठडा लागतो, शिडीचे दांडे झेपायचे नाहीत. वर न्हाणीघर होतं, एवढीच देवाची कृपा. वहिनींनी चहा टोपलीत ठेवून दोरीने वर पाठवला. टोपली वर जाताना साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि कागदावर काहीतरी काढायला घेतलं.

तेव्हा वहिनींनी मान वर करून सांगितलं, "सासूबाई, पाचच्या आत मी तुम्हाला खाली आणते."

"तू म्हणतेस म्हणजे आणशील," वरून उत्तर आलं. "फक्त बाळ्याला विचारू नकोस."

नवा जिना आत आणला तेव्हाच लक्षण दिसलं. एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं टोक दाराबाहेरच्या ओट्यावर. पोळ्या लाटायच्या तर वहिनींना सतराव्या पायरीवर बसावं लागलं. साहेब म्हणाले, आडवी वस्तू नेहमी लांब दिसते. सुताराने छताला दोर आणि कप्पी लावली, जिना उभा केला, आणि जिना वर गेला. वर गेला, आणखी वर गेला, वरच्या मजल्यावर पोचला आणि तिथेही थांबला नाही. तीन पायऱ्या सासूबाईंच्या खोलीत घुसून कपाटाला टेकल्या आणि डुगडुगत राहिल्या.

सासूबाईंनी चष्मा लावून त्या तीन पायऱ्या नीट पाहिल्या.

"म्हणजे बाळ्या, खाली जायला मी आधी वर चढायचं?"

सुताराने टेप काढला. जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत दहा फूट. साहेबांनी टेप तपासला. मग सुताराला तपासलं. मग वही काढली. आठ हात, स्पष्ट लिहिलेलं, खाली तारीख, खाली वळणदार सही. मग वरून सासूबाईंनी विचारलं, की मोजलंस तेव्हा तुझा हात केवढा होता रे? आंब्याच्या फांदीला पोचत नव्हतास, म्हणून रडायचास.

चौदा वर्षांच्या पोराचा हात पंधरा इंच. आठ गुणिले पंधरा. वहिनींनी मनातल्या मनात गुणाकार केला. तो दहा फूट आला. पस्तीस वर्षं सरकारी शेरे मारणाऱ्या माणसाने सेहेचाळीस वर्षांत एकदाही आपला हात वाढला असेल असा विचार केला नव्हता, हे त्यांना कळलं, आणि फारसं नवल वाटलं नाही.

साहेबांनी वही मिटून काखेत धरली. मग म्हणाले, "आराखडा बरोबर आहे. घर चुकलंय."

सुताराने जिना पुन्हा खाली घेतला, आडवा ठेवला, खालच्या तीन पायऱ्यांवर पेन्सिलने दोन्ही बाजूंना रेघ मारली आणि सांगितलं, की एवढं कापलं की बसतो, अर्ध्या तासाचं काम आहे. साहेबांचा चेहरा असा झाला, की कोणाला वाटावं सुतार त्यांचेच पाय कापायला निघालाय. पंधरा पायऱ्या? मग सहाचे टप्पे कुठे गेले? सुताराने अगदी गंभीरपणे विचारलं, "यातलं काय काढू साहेब? श्वास काढू, नजर काढू, का मुक्ती?"

यावर तीन वाजेपर्यंत चर्चा चालली. साहेबांनी जमीन दोन फूट खणून खाली नेण्याचा पर्याय मांडला. मग वरचा मजला दोन फूट उचलण्याचा मांडला, आणि हा त्यांना जास्त आवडला. शेजारचे दोघे-तिघे खरोखरच घर बघायला आले, दारात आडव्या जिन्याला वळसा घालून आत डोकावले आणि तोंडावर हात ठेवून परत गेले. परवानगी काही मिळेना, आणि सुतार बिचारा शब्दाला बांधलेला. तो पाटावर बसून करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

साडेतीनला साहेब टेप, वही आणि स्टूल घेऊन मागच्या अंगणात गेले. घर बाहेरून मोजायचं होतं. घर नेमकं कुठे चुकलं ते शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं ते म्हणाले. थोड्याच वेळात मागून आकडे ऐकू येऊ लागले. साहेब स्वतःच मोजत होते, स्वतःच मोठ्याने सांगत होते आणि स्वतःच "अशक्य" म्हणत होते.

पावणेचारला समोर गाडी येऊन थांबली. शिवणवालीचं सामान बाहेर येऊ लागलं. आधी गाठोडी, मग कापडांचा ढीग, मग चादरीत बांधलेलं मशीन. ते मागच्या सीटवर माणसासारखं बसवलं. मग ती स्वतः दारात आली. या घराच्या फाटकाकडे पाहत उभी राहिली आणि परत आपल्या घरात गेली नाही. वरच्या खिडकीत सासूबाई होत्या. दिवसभर एवढ्या बोललेल्या सासूबाई. आता समोर फक्त बघत होत्या. शिवलेली पिशवी छातीशी धरलेली.

वहिनींनी ते खालून पाहिलं. त्या आत आल्या, पदर खोचला, पाटाजवळ जाऊन हात पुढे केला.

"करवत द्या भाऊ."

सुतार चपापला. म्हणाला, वहिनी, मी शब्द दिलाय साहेबांना.

"तुम्ही दिलाय," वहिनी म्हणाल्या. "मी नाही दिला."

सुताराने आपला शब्द तपासून पाहिला, पुढून, मागून, जसं फळकुट तपासतात तसं. त्यात कुठे फट नव्हती, आणि वहिनी मात्र त्याच्या बाहेर उभ्या होत्या. त्याने करवत त्यांच्या हातात दिली. मूठ कशी धरायची, कुठे पाय रोवायचा, ओढताना जोर द्यायचा आणि ढकलताना नाही, हे दाखवलं. मग जिना हलू नये म्हणून दुसऱ्या टोकावर, अठराव्या पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर करवतीला हात लावला नाही असं सांगता यावं.

मागच्या अंगणातून आवाज आला, "नऊ फूट अकरा! अशक्य!"

वहिनींनी रेघेवर करवत टेकवली, हळूच एकदा ओढून पाहिली, आणि कापायला घेतलं.